कच्छवे सरांचे दात

तमाम मराठी वाचकांना पूर्ण जबाबदारीने आणि जड अंतःकरणाने कळवण्यात येते की, कतार देशात एक उच्चशिक्षित मराठी गृहस्थ माती खात असत. वाक्प्रचारातली नव्हे, ती आपण सगळेच अधूनमधून खातो. खरीखुरी, जमिनीतली. चिमूटभर उचलायची, पुढच्या दातांत धरायची, डोळे मिटायचे. मग बाजूला थुंकून, न्यायाधीशाने निकाल द्यावा तशा आवाजात सांगायचं, "रेताड. चल पुढं."

हे कच्छवे सर. मूळचे परभणीचे, मृदाशास्त्रज्ञ. मी परकार, रत्नागिरीचा. दोहातल्या एका सल्लागार कंपनीत सर जमिनीची वर्गवारी करत आणि मी तिचे नकाशे काढत असे. पहिल्याच दिवशी त्यांनी मला गाव विचारलं आणि ऐकून हळहळले. "अरेरे. तुमच्याकडं माती कुठाय बाबा? नुसता जांभा दगड. त्याला घरं बांधायची अन् फणस लावायचे." मी म्हटलं, "सर, आमच्या दगडावर हापूस येतो." तर म्हणाले, "आंबा येतो रे. पण दगडाला नाव काय द्यायचं?"

नाव देणं हा त्यांचा ध्यास होता. दोहातल्याच मदिनत खलीफा वस्तीतल्या एका व्हिलात, तीन केरळी इंजिनीअर आणि एका गोवेकर आचाऱ्याच्या शेजारी, त्यांची खोली होती. खिडकीच्या कठड्यावर मातीची ढेकळं ओळीने मांडलेली. आचाऱ्याने एकदा ती केरात टाकली, तेव्हा सर दोन दिवस त्याच्या हातचं जेवले नाहीत. मग तोच गाडी काढून वाळवंटातून कसली तरी ढेकळं घेऊन आला. सरांनी एक चाखून पाहिलं आणि म्हणाले, "ही नव्हं. पण बस, जेवतो."

माती ओळखायची रीत जगभर एकच आहे, ती त्यांनीच मला शिकवली. मूठभर माती ओली करायची, कणकेसारखी मळायची आणि अंगठ्याने बोटावरून पुढे ढकलत तिची फीत काढायची. फीत लगेच तुटली तर रेताड किंवा गाळाची. लांब लोंबत राहिली तर चिकणमाती. मग दात कशाला? "बोटाला फसवता येतं," सर म्हणत. "दाताला न्हाई. गाळ दाताखाली बोलतो, करकर करकर. चिकणमाती गप बसते."

मला वाटे, काय थोर विद्या आहे. मी घरी बायकोलाही ऐकवलं. ती म्हणाली, "त्या माणसाला नीट जेवायला घाला."

खरा प्रकार मला अल खोरच्या एका टपरीवर कळला. आम्ही गाडीतच करक, म्हणजे इथला कडक दुधाळ चहा मागवला होता. सर बोलत असताना त्यांच्या हातातला कागदी पेला कलला आणि उकळता चहा बोटांवरून ओघळला. सर बोलतच राहिले. माझ्याच तोंडून हाय निघाली, तेव्हा त्यांनी हाताकडे पाहिलं.

"दिसलं तुला?"

"दिसलं."

"साखरेनं खाल्ली रे बोटं. वरीस झालं. काहीच कळना गेलंय." त्यांनी हात रुमालाखाली झाकला. "कुणाला बोलू नकोस. मातीवाल्याची बोटं गेली म्हणल्यावर कंपनी कशाला ठेवील? अन् मला दुसरं काय येतं?"

त्यानंतर ते माती चाखताना मी मुद्दाम मोठ्याने हसत असे. बघणाऱ्याला वाटावं, विक्षिप्त माणसाची गंमत चाललीय.

आणि मग तो रौदा आला.

कतार म्हणजे बहुतेक चुनखडीचा खडक आणि त्यावर मातीची पातळ चादर. पण मध्येच बशीसारख्या सखल जागा आहेत, त्यांना रौदा म्हणतात. पावसाचं पाणी चहूकडची बारीक माती धुऊन तिथे आणून टाकतं. हिवाळ्यात गवत उगवतं, उंट चरतात. अल रुवैसच्या रस्त्यावरच्या अशाच एका रौद्यात राडारोडा भरून ट्रक उभे करायची जागा करायचा बेत होता. नियम असा की, चिकणमातीचं चराऊ रान ठरलं तर त्याला हात लावायचा नाही, कुंपण तसंच ठेवायचं. गाळाची ठरली, तर खलास. आणि जागेवर तपासणीसाठी खणलेल्या ज्या खड्ड्याला चिकणमाती म्हटलं जात नाही, त्याचा नमुना प्रयोगशाळेत जातच नाही.

सर तो रौदा पाहून आले तेव्हा त्यांचा चेहरा सोयरीक जमल्यासारखा झाला होता. "परकार, इतकी वर्षं या देशात नुसती चादर मोजली. ही एक खरी गादी सापडली बघ."

त्यांचं कंत्राट त्याच महिन्यात संपत होतं. आणि तपासणीला सुदानचे डॉक्टर उस्मान येणार होते. नाईलकाठच्या काळ्या मातीत वाढलेला, शांत, कडक माणूस. खड्ड्यात उतरून दोघांनी आपापल्या हाताने माती ओळखायची, अशी त्यांची पद्धत.

त्यात रमजान.

रमजानमध्ये इथे दिवसा चारचौघांत कुणी काही तोंडात घालत नाही, मग तो कुठल्याही धर्माचा असो. सकाळी मी हळूच म्हटलं, "सर, गाडीची काच वर करा आणि चाखा. मी इकडे तोंड करतो."

"तुझा रोजा, त्या डॉक्टरचा रोजा, अन् मी शेजारी बसून तोंड हलवू?"

"सर, ती माती आहे. बिर्याणी नाही."

"माझ्यासाठी बिर्याणीच हाय ती," सर म्हणाले. मला हसू आलं. त्यांना आलं नाही. त्यांनी सकाळपासून पाणीसुद्धा घेतलं नव्हतं, साखरेचा आजार असून. मी ओरडलो तर म्हणाले, "गोळी घेतली न्हाई, मग उपाशी राहायला काय होतंय?"

ऊन उतरत असताना आम्ही खड्ड्यात उतरलो. डॉक्टरांनी खालच्या थरातून ढेकूळ काढलं, अर्धं सरांना दिलं. "यल्ला उस्ताद, नाव सांगा."

सरांनी पाणी शिंपडलं, मळायला घेतलं. डॉक्टरांची फीत लवकर तुटली. "गाळाची," ते म्हणाले आणि त्यांनी लिहिलंही. सर मळतच होते. फार जोराने मळत होते. मला त्यांच्या कपाळावरचा घाम दिसत होता. फीत निघाली, तुटली. पुन्हा काढली, पुन्हा तुटली. मग ती तांबूस झाली.

डॉक्टरांनी सरांचं मनगट धरलं. मातीतल्या खड्याच्या धारेने बोट चांगलंच कापलं होतं.

"उस्ताद, तुम्हाला कळत नाहीये?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. चोरी पकडल्यावर माणूस घरच्यांकडे बघतो तसं. मग इंग्रजीत, एकेक शब्द ठेवत, सगळं सांगून टाकलं. बोटं मेली आहेत. दातांनी कळतं. "या मातीत चुना आहे, डॉक्टर. चुना तिला भुसभुशीत करतो, हाताला फसवतो. ही गाळाची नाही असं मला वाटतं. पण माझ्या वाटण्याला आता हात नाहीत."

"मग चाखा. तुम्हाला कुठे रोजा आहे?"

"तुम्ही दोघं उपाशी आहात."

डॉक्टरांनी त्यांचं मनगट सोडलं. "बोटांचं मला लिहावं लागेल."

"लिहा. पण मातीचं नाव अजानपर्यंत थांबवा."

डॉक्टर खड्ड्याच्या काठावर बसले. म्हणाले, "इन्शाल्ला."

बोटांचं त्यांनी लिहिलं, आणि कंपनीने कंत्राट वाढवलं नाही. सरांना विमानतळावर मीच सोडलं. त्यांनी कठड्यावरची ढेकळं मला दिली आणि बजावलं, "तुझ्या बायकोला केरात टाकू देऊ नको." आता परभणीहून त्यांचा फोन येतो, पायही बधिर होत चालले आहेत. पण मला विमानतळावरचे सर आठवत नाहीत. मला तो काठ आठवतो.

तिघं रांगेत बसलेलो. सरांच्या हातावर माझा रुमाल बांधलेला, मांडीवर ते ढेकूळ. सूर्य कुंपणावर टेकला, मग दिसेनासा झाला, आणि डॉक्टरांच्या फोनमध्ये अजान झाली. त्यांनी खजुराचा डबा पुढे केला. मी खजूर घेतला. सरांनी ढेकूळ मोडलं, चिमूट दातांत धरली, डोळे मिटले.

डॉक्टरांचा खजूर तोंडापर्यंत गेला होता, तो त्यांनी परत डब्यात ठेवला. पाण्याचा एक घोट घेतला आणि सरांच्या मांडीवरच्या ढेकळातून चिमूट उचलून तोंडात टाकली. चावली. थांबले. पुन्हा चावली. मग खिशातलं पेन काढून त्यांनी मघाशी लिहिलेला शब्द खोडला.

सरांना हे काहीच दिसलं नव्हतं. त्यांचे डोळे अजून मिटलेले होते, गालावरून पाणी ओघळत होतं आणि तोंड मातीने भरलं होतं. त्या भरल्या तोंडानेच ते एकदम बोलून गेले, "गप हाय रे, परकार. एकदम गप हाय."