वहीत न लिहिलेला खांब

किनारा मोजणाऱ्या कचेरीत तिला सगळे टेपबाई म्हणत. सव्वीस वर्षं दर पंधरवड्याला समुद्राकाठच्या सिमेंटच्या खांबापासून भरतीच्या रेषेपर्यंत टेप लावायची आणि आकडा वहीत लिहायचा, हे तिचं काम. एक सेंटिमीटर इकडचा तिकडे खपायचा नाही. घरात पडद्याचं माप घ्यायचं, तर नवरा ती बाहेर गेल्यावर घेई.

निवृत्तीला महिना उरला असताना साहेबांनी तिचे आकडे संगणकातल्या मॉडेलला दिले. लाटा, वाळू आणि जुन्या नोंदी यांच्या गणितातून ते पन्नास वर्षांनंतरचा किनारा काढून देई. पडद्यावर निळी रेघ उमटली. समुद्र होता तिथंच.

"झालं! नवी शाळा किनाऱ्यालगतच्या जागेवरच बांधायची," साहेब खुशीत म्हणाले.

बाईला खांब आठवला. तेरा वर्षांपूर्वी वादळात खांब पडला होता. तिनंच तो काही मीटर मागे, घट्ट जमिनीत रोवून घेतला आणि 'उद्या लिहू' म्हणता म्हणता लिहायचं राहिलं. खांब मागे गेला, तसं अंतर वाढलं. बिचाऱ्या मॉडेलला वाटलं, किनाराच पुढे आला.

गप्प बसली असती तर कुणाला पत्ता लागला नसता. पण शाळेत मुलं बसणार होती. दुसऱ्या दिवशी ओहोटी लागताच ती जुन्या खांबाचा पाया शोधायला निघाली, सोबत नवरा.

"अगं, अंदाजे सांग ना साहेबांना. आठ-दहा मीटर."

"सव्वीस वर्षं अंदाजे मोजलं का मी?"

"नाही ना. म्हणून तर फावडं माझ्या हातात आहे."

चौथ्या खड्ड्यात फावडं सिमेंटवर आपटलं. तिथून आताच्या खांबापर्यंत तिनं टेप लावली. नऊ मीटर सत्तर.

"बाई, अहवालावर माझी सही झालीय," कचेरीत आकडा ऐकून साहेब वैतागले. "आणि जाता जाता बोलणी तुम्हालाच बसतील."

"बसू देत. आकडा घाला."

ती टेबलापासून हलली नाही. शेवटी साहेबांनी आकडा घातला. निळी रेघ मागे सरकली आणि शाळेच्या नकाशातल्या पहिलीच्या वर्गाच्या मधोमध येऊन थांबली. साहेबांनी अहवालावरची आपली सही खोडली.

बाईला लाज वाटली, अगदी मनापासून. तिनं तेरा वर्षांपूर्वीची वही काढली, वादळाच्या पानावर नऊ सत्तर लिहिलं, खाली आजची तारीख आणि स्वतःचं पूर्ण नाव.

"नाव कशाला घातलंत?" साहेबांनी विचारलं.

"उद्या कुणाला शंका आली, तर कुणाच्या घरी यायचं ते कळायला नको?"