तुर्भ्याला नेलेले दोन मेंढे

माणदेशातून निघून, घाट उतरून आम्ही शिरवण्याला पोचलो तेव्हा भातं कापून झाली होती. मोकळ्या शेतांपलीकडे मिठागरं, त्यामागे कारखान्यांचा धूर आणि अर्ध्या उभ्या इमारती. वडील गेल्यावर चुलत्यांनी, तात्यांनी, मला सांभाळलं. चौथीत शाळा सुटली ती त्यांच्या मेंढरांमागे. त्या माणसाचं खाल्लेलं अन्न मला सदैव आठवतं, म्हणून चुकायची भीतीही सदैव.

मागच्या साली परतीच्या वाटेवर घाटातच मेंढ्या व्याल्या, निम्मी कोकरं पावसात गेली. यंदा तात्यांनी भुऱ्या मेंढ्याची नसबंदी करायची ठरवली. असा मेंढा छातीला गेरू लावून कळपात सोडला की मेंढ्या एकदम माजावर येतात. मेंढीच्या पाठीवर उमटलेल्या गेरूनं ते कळतं, पण त्या गाभण राहत नाहीत. मग आपल्या सोयीनं खरा नर सोडायचा, म्हणजे त्या घरी पोचूनच वितात. आमचा खरा नर सरदार. पांढरा, एका डोळ्यावर काळा ठिपका. तसा दुसरा नव्हता. भुऱ्याची कोकरं मरतुकडी निघत.

माघात, तुर्भ्याला निघायच्या दिवशी, ज्यांच्या शेतात मेंढरं बसवली होती त्या शेतमालकीणबाईंनी तांदळाची भाकरी आणि जवळा (बारीक सुकी कोळंबी) वाढला. त्यांचे यजमान हसून म्हणाले, "मानसांची झाली, आता मेंढ्यांची काडली का नसबंदी?"

एकटा मेंढा वाटेवर पाऊल टाकत नाही, म्हणून भुऱ्याच्या सोबतीला मी सरदारलाही घेतलं. ट्रकांच्या धुळीतून तुर्भ्याला गुरांच्या दवाखान्यात पोचायला दुपार झाली.

डॉक्टरांनी भुऱ्याची नसबंदी फुकट करून देतो म्हटलं, तेव्हा मी त्यांच्या पाया पडलो. मदतनिसानं कागद पुढे केला. मी अक्षरं जुळवत होतो, 'पांढरा, डोळ्यावर…' इतक्यात तो खेकसला, "वाचत काय बसलास? पटकन सही कर, लाइन लागलीय."

उपकार करणाऱ्या माणसाला थांबवायचं कसं? मी सही केली. त्यानं मला पाणी आणायला हापशावर धाडलं. बादली घेऊन आलो तर भुऱ्या दाराशी रवंथ करत उभा, आणि सरदारच्या जांघेत टाके पडत होते.

मी बादली फेकली. मदतनीस म्हणाला, "दोन्ही मेंढेच ना? काय फरक पडतो?"

डॉक्टरांनी टाक्याचा दोरा कापला. मग म्हणाले, "कागदावर तुझी सही आहे."

त्या एका वाक्याची आग अजून विझलेली नाही. निघताना त्यांनी बजावलं, सरदारला दीड महिना कळपात सोडू नको, आत उरलेलं बी संपायला वेळ लागतो.

परतताना ट्रकवाले भोंगे वाजवत होते, मी त्यांना शिव्या घालत होतो. तात्यांसमोर कसंबसं सगळं सांगितलं. ते मारतील असं वाटलं. त्यांनी विचारलं, "बी उरलंय म्हनला न्हवं?"

"होय."

"मग टाकं सुकलं की सोड. थांबतोस कशाला?"

सोडला. घरी परतल्यावर सात मेंढ्या व्याल्या. एरवी चाळीस विताना पाहिल्यात. सातांत एकच नर, डोळ्यावर काळा ठिपका असलेला.

आता तो लेक कळपाचा नर आहे. सरदार त्याच्याआधी छातीला गेरू लावून हिंडतो, आणि मग बांधला जातो. तात्यांनी त्या दिवसाचा विषय पुन्हा काढला नाही. सरदारला गेरू मात्र मलाच लावायला लावतात.