उंची पाच एप्रिल

कर्वेनगरच्या माझ्या वधूवर सूचक केंद्रात कोपऱ्यात एक जुना कॉम्प्युटर आहे. त्याला इंटरनेट नाही, पण त्यात पत्रं, तक्ते सगळं एकत्र देणारं एक जुनं ऑफिस पॅकेज अजून चालतं. त्याच्या आधी पत्रं एका कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये लिहायची, तक्ते दुसऱ्याच कंपनीच्या, आणि एकाचं दुसऱ्याला कळायचं नाही. या पॅकेजात सगळी एका घरातली भावंडं. पत्र एकदाच लिहायचं, तक्त्यातली नावं त्यात आपोआप उतरायची. शिवाय सीडी एकदा विकत घेतली की विषय संपला. आताचं दर महिन्याला भाडं मागतं. मी भाड्याच्या घरातून हट्टाने बाहेर पडलेली बाई, सॉफ्टवेअर भाड्याने घेईन होय?

हे सगळं मी शिकले दुसऱ्याच केंद्रात, नोकरीला असताना. तिथल्या मालकीणबाई स्थळांची माहिती पुठ्ठ्याच्या फायलींत ठेवत. मंडळी आली की आम्ही फायली उपसत बसायचो. मी भांडून सगळं तक्त्यात घातलं. उंचीच्या रकान्यात पाच फूट चार इंचासाठी ५-४ लिहिलं. पॅकेजला ती तारीख वाटली. त्याला शहाणपणाची हौसच भारी. पडद्यावर डोळे मिचकावणारी एक कागदाची क्लिप यायची आणि लग्नघरातल्या आत्याबाईंसारखी न विचारता सल्ले द्यायची. पण नेमकं इथे ती गप्प बसली.

पहिली यादी छापून पाहुण्यांच्या हातात गेली.

"अगंबाई, मुलगी पाच एप्रिल उंच!" मालकीणबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या. "मग मुलगा निदान पाच ऑगस्ट तरी हवा."

मी फणकाऱ्याने यादी ओढून घेतली. पुढे शोधून काढलं, की हा रकाना साध्या मजकुराचा आहे, असं पॅकेजला आधीच बजावायचं असतं. मग मी शिक्षण, उंची, गाव, मंगळ यांच्या चाळण्या लावल्या. अमरावती-नागपूरकडून मुलासाठी इथवर आलेल्या आईवडिलांचा चहा संपायच्या आत जुळणारी स्थळं छापून हातात पडायची. पुण्यात केंद्राचं नाव झालं.

वर्धापनदिनाला कुणीतरी विचारलं, ही मांडणी कुणाची? मालकीणबाई म्हणाल्या, "हे सगळं कॉम्प्युटर करतो. ही नुसती बटणं दाबते."

मी त्याच पावली नोकरी सोडली आणि स्वतःचं केंद्र काढलं. ते आज त्यांच्या केंद्रापेक्षा मोठं आहे. ते वाक्य मात्र मी विसरले नाही.

गेल्या महिन्यात त्यांचा मुलगा आला. हिंजवडीत नोकरी करतो, आता आईच्या केंद्राचं ॲप काढतोय. त्याला माझं केंद्र विकत हवं होतं.

"काकू, तुमची मांडणी ॲपमध्ये जशीच्या तशी घेऊ. तुम्ही म्हणाल तो भाव."

"भाव नंतर. ॲप उघडल्यावर पहिल्याच पानावर लिहायचं, मांडणी माझी."

"अहो काकू, ते कोण वाचतं?"

"कुणी वाचत नसेल तर लिहायला का जड जातंय? आणि हे मला तुझ्या आईच्या तोंडून ऐकायचंय. लाव फोन."

त्याने घासाघीस करून पाहिली. मी उठून दार उघडलं. तेव्हा त्याने मुकाट्याने फोन लावून स्पीकर सुरू केला आणि आईला सगळं सांगितलं. पलीकडून तोच जुना, कोरडा स्वर आला.

"मांडणी तिचीच होती. तेव्हा म्हणायला हवं होतं, असं काही मी म्हणणार नाही. पण तिचीच होती." मग म्हणाल्या, "अजून तशीच तापट आहे का रे?"

"आहे," मीच उत्तर दिलं.

मुलाने फोन ठेवला आणि आशेने विचारलं, "मग काकू, ठरलं ना?"

"काय ठरायचंय? मला केंद्र विकायचं कुठे होतं?"

त्याला चहा पाजला आणि उंचीचा रकाना साध्या मजकुराचा आहे, हे ॲपला आधीच बजावायला सांगून वाटेला लावलं.