कूलरसमोरचा कॉम्प्युटर

ऐका हो ऐका! समस्त सज्जनांनी चहाचा कप खाली ठेवावा आणि पाय आवरून बसावं. आज अत्यंत गंभीर आणि महत्त्वाची गोष्ट जाहीर होत आहे. ती आजवर फक्त मला ठाऊक होती. बायकोला नाही, मुलीला नाही. आणि ज्यांना सांगायला हवी होती त्यांना तर — थांबा, सांगतो. घाई मलाच आहे, तरी जीभ मागे सरते.

हसू नका, पण गोष्ट ग्राफिक्स कार्डची आहे. माझी मुलगी ऋचा तेव्हा आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला होती. तिनं आखलेल्या इमारतीची फिल्म आमचा कॉम्प्युटर मुंगीच्या चालीनं तयार करत होता आणि सोमवारी ती जमा करायची होती. म्हटलं, बापावर सोड! कार्डाचा वेग कंपनीनं ठरवलेल्यापेक्षा वाढवता येतो, त्याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. ते सुरक्षितपणे कसं करायचं, यावर मी आमच्या खमरियाच्या कारखान्याच्या अर्ध्या क्वार्टरांत प्रवचन दिलेलं. वेग थोडाच वाढवा, अर्धा तास चाचणी घ्या, तापमान पाहा, स्क्रीनवर ठिपके दिसले की मुकाट्यानं मागे या. कारखान्यात मी तपासनीस — दुसऱ्याच्या कामातली खोट काढायचा मला पगार मिळायचा. मला कोण शिकवणार?

पण मे महिना, तोही जबलपूरचा. कार्ड नव्वद डिग्रीला टेकलं. शहाणा माणूस इथं वेग कमी करतो. मी काय केलं? कॅबिनेटची बाजू उघडली आणि कॉम्प्युटर सरळ कूलरसमोर नेऊन ठेवला. पाण्याच्या कूलरसमोर, खसच्या, म्हणजे वाळ्याच्या, ओल्या ताट्यांपुढे! तापमान सरसर साठावर आलं. मी एकट्यानंच टाळ्या वाजवल्या. वाढव वेग! चाचणी? कशाला — थंडच तर आहे. आणखी वाढव!

दुपारी कूलरमध्ये पाणी मीच भरलं, जरा जास्तच. पंख्यानं तुषार उडवले असतील — असतील काय? उडवले. मी पाहिले. स्क्रीनवर रंगीत चौकोन नाचले, टक् असा आवाज झाला, आणि जळका वास.

इथवर फक्त मूर्खपणा. मूर्खपणा कुणीही कबूल करतो.

ऋचा आंघोळीला गेली होती. तेवढ्या वेळात मी कूलर खिडकीकडे ढकलला. कार्ड टॉवेलनं पुसलं, फरशी पुसली, कॅबिनेट बंद करून स्क्रू आवळले — चारही. घाबरलेल्या माणसाचे हात इतके स्थिर असतात का? ती आली तेव्हा मी म्हणालो, "अर्थिंगमध्येच काहीतरी गडबड दिसते."

अर्थिंग दोनच दिवसांपूर्वी शेजारच्या वानखेड्यांनी करून दिलं होतं. कारखान्यातले इलेक्ट्रिशियन, क्वार्टरांत कुणाचा बल्ब उडाला तरी हाक त्यांनाच, आणि चहाशिवाय काही घ्यायचे नाहीत. ते टेस्टर घेऊन धावत आले, बोर्डापाशी उकिडवे बसले. "मी तर नीट पाहिलं होतं जी. असं काहून झालं?" तीनदा तपासलं. काहीच सापडेना — सापडणार कसं? मी मागे उभा राहून त्यांना टॉर्च दाखवत होतो. टॉर्च!

ऋचाची फिल्म अर्धीच जमा झाली, ती त्या विषयात नापास झाली. वानखेडेकाकांशी बोलेनाशी झाली. आणि मी? मी पडलो किस्से सांगणारा. ही गोष्टही रंगवून सांगितली, वानखेड्यांच्या नकलेसकट, पार शहरातल्या कमानिया गेटपर्यंत. लोक पोट धरून हसायचे. हळूहळू वानखेड्यांना हाका येईनाशा झाल्या, लोक बाहेरचा माणूस आणू लागले. हे मला दिसत नव्हतं का? दिसत होतं. पण किस्सा जमला होता हो. फार जमला होता.

त्याच वर्षी गणपतीच्या बैठकीत रोषणाईचं निघालं. ती दरवर्षी वानखेडेच करायचे. या वेळी त्यांनी मान हलवली. "यंदा दुसऱ्याला सांगा, भैया. माझ्या हाताचा आता मलाच भरवसा नाही राहिला. पोरीचं वर्ष गेलं माझ्यापायी."

सगळ्यांचे डोळे माझ्याकडे. एक वाक्य पुरलं असतं. मी उठलो, त्यांच्यापाशी गेलो, खांद्यावर हात ठेवला, आणि भर बैठकीत माझ्या तोंडून निघालं —

"जाऊ द्या ना वानखेडेजी, आम्ही तर तुम्हाला केव्हाच माफ केलं!"