मालकी न मानणारे मामासासरे

अख्ख्या हुबळी-धारवाडात कोणाला भ्यावं असं विचाराल, तर मी डोळे झाकून माझ्या मामासासऱ्यांकडे बोट दाखवीन. अंगानं पापड, आवाज मऊ. पण मामा धारवाडच्या मळमड्डीहून स्कूटरवर निघालेत असा फोन आला, की हुबळीच्या केशवापुरातल्या घरात मी टीव्हीसुद्धा बंद करून बसतो. कारण आल्याआल्या ते कुठल्याही वस्तूकडे बघून विचारतात, ‘‘हे कोणाचं?’’ ‘माझं’ म्हणालात की मेलात. तरुणपणी ते समाजवादी झाले, मग साम्यवादी, मग सर्वोदयी. पक्षाची सतरंजी नेमकी कोणाची, यावरून सगळीकडून बाहेर पडले. मालकीची खूण म्हणून घराचं फाटक काढलं, तेव्हा गल्लीतल्या गाईनं मामींची शेवंती फस्त केली. ‘‘तिला तत्त्व कळलं,’’ मामा म्हणाले. मामींनी नवी शेवंती गच्चीवर लावली.

निवृत्तीनंतर त्यांना मुक्त सॉफ्टवेअर, म्हणजे कोणीही घ्यावं, कोणालाही वाटावं असं सॉफ्टवेअर भेटलं आणि जन्मभर शोधलेला पक्ष सापडला. एकदा माझ्या ताटातला पेढा तोंडात टाकून ते म्हणाले, ‘‘हा मी खाल्ला, तुझा संपला. प्रोग्राम मी घेतला तर तुझा संपतो का, सांग की.’’ सिद्धान्त मला पटला. पेढा गेलाच.

इथंच मी माती खाल्ली. कोप्पीकर रोडवर माझं लग्नपत्रिका छापायचं दुकान आहे आणि तिथल्या कॉम्प्युटरवर सगळे प्रोग्राम चोरीचे होते. मामांना खूश करायला मी छाती फुगवून म्हणालो, ‘‘मामा, मीही तुमच्याच पंथाचा. एक पैसा दिला नाही कोणाला.’’

‘‘अरे, चोरलंस म्हणजे कंपनीला मालक मानलंस की,’’ ते म्हणाले आणि हळूच विचारलं, ‘‘भीती नाही वाटत?’’

तोवर नव्हती वाटत. त्या दिवसापासून बॅगवाला माणूस दिसला की मी मॉनिटर बंद करू लागलो. एका विमा एजंटाला मी ‘मशीन बिघडलंय’ म्हणून सांगितलं. मागं ते खडखडा पत्रिका छापत होतं.

मग एका दुपारी शेजारचा झेरॉक्सवाला शटर अर्धं ओढून म्हणाला, ‘‘अण्णा, सॉफ्टवेअर कंपनीची माणसं पोलीस घेऊन फिरायलेत. पलीकडच्या गल्लीत कॉम्प्युटर उचलला. उद्या आपल्याकडं.’’ हे दुकान गेलं तर मला दुसरं काही येत नाही. मी मामांना फोन केला. ते आले, ‘‘अंजब्याड, भिऊ नको’’ म्हणाले आणि कॉम्प्युटर धुऊनपुसून त्यावर आपलं मुक्त सॉफ्टवेअर चढवून दिलं. त्याआधी मी मात्र चोरीच्या मालाची एक प्रत गुपचूप पेन ड्राइव्हवर घेऊन खिशात टाकली होती. भित्रा माणूस दोन्हीकडून भितो.

दुसऱ्या दिवशी ती माणसं आली, कॉम्प्युटर तपासला; चोरीचं काही निघालं नाही. मामा माझ्या खुर्चीत होते. ‘‘तुम्हीही घ्या, चार जणांना द्या,’’ म्हणत त्यांनी आपली सीडी पुढं केली, तसा त्यांच्यातला साहेब एक पाऊल मागं सरला. जाता जाता त्यानं विचारलं, ‘‘आणखी कुठं काही ठेवलंय?’’

माझा हात आपसूक खिशावर गेला. मामांनी तो पाहिला.

‘‘काही नाही,’’ मामा म्हणाले.

माणसं गेली. मामांच्या कपाळावर घाम होता. सतरंजीपायी पक्ष सोडलेला हा माणूस खाली बघत बसला. मी पेन ड्राइव्ह काढून टेबलावर ठेवला. त्यांनी त्याला हात लावला नाही. मी चहा सांगितला, तोही निवला.

स्कूटरला किल्ली लावताना म्हणाले, ‘‘मामीला सांगू नकोस.’’

‘‘काय?’’

‘‘मी खोटं बोललो ते.’’

मी अजून सांगितलेलं नाही. छाप्याची भीती आता राहिली नाही. फक्त मामा दुकानात येऊन त्या खुर्चीत बसले, की मला त्यांच्याकडे बघवत नाही.