रुमालाखालची बोटं
आंब्याच्या पेटीतल्या पेंढ्याचा वास आला की वाशीच्या घाऊक बाजारातली ती सकाळ आठवते. लेकीला ऐकू येत नाही हे कळून महिना झाला होता, आणि मी ते आईलाही सांगितलं नव्हतं. व्यापारी रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवत होते, आणि कडेवरची लेक तिकडेच टक लावून बघत होती. एका म्हाताऱ्या आंबेवाल्याने तिला दोनदा हाक मारली. "रागावली काय?" "तिला ऐकू येत नाही, काका," मी पटकन बोलून गेले. "मग हातानं बोलू की!" म्हणत त्यांनी रुमालाखाली तिचं एक बोट दाबलं. तिने खुदकन हसून त्यांची तीन दाबली. "तीन पायजेत? पक्की व्यापारी हाय!" त्यांनी खरंच तीन आंबे दिले. संध्याकाळी मी आईला फोन करून लेकीचं सांगितलं. तिच्याआधी ते एका आंबेवाल्याला कळलं होतं, हे मात्र तिला आजवर सांगितलेलं नाही.