सानिया-अपा आणि केसांचा कोंबडा

ताश्कंदच्या त्या सलूनमध्ये माझी खुर्ची खिडकीपाशी होती आणि सानिया-अपाची माझ्या शेजारी. ती तातार, मी आर्मेनियन. राहायलाही आम्ही एकाच अंगणात, समोरासमोर. तिला सगळे अपाच म्हणायचे, म्हणजे थोरली बहीण. ज्यांच्यापेक्षा ती लहान होती तेसुद्धा.

खरी थोरली बहीण ती एकट्या रिफ्कातची. वडील युद्धावर गेले ते परत आले नाहीत, पाठोपाठ आई टायफसने गेली. सानिया तेव्हा जेमतेम विशीची आणि रिफ्कात शाळेत जाणारा. लग्नाच्या दोन मागण्या आल्या, दोन्ही चांगल्या होत्या. "आधी ह्याचं मार्गी लागू दे," म्हणून तिने दोघांनाही चहा पाजून वाटेला लावलं. मग कोणी विचारलं नाही.

आमचं सलून पुरुषांचं. युद्धात पुरुष न्हावी गेले म्हणून बायका आल्या आणि तिथेच राहिल्या. गिऱ्हाईक दारातून आत आलं की मान बघूनच कळायचं, कोणत्या जातीचं आहे ते. जात म्हणजे आपापली टोळी. पंचावन्न-छप्पनच्या सुमाराला पोरांच्या तीन टोळ्या होत्या, आणि गंमत म्हणजे आमच्या एका अंगणात तिन्हींचा एकेक नमुना होता.

पहिला गेना. हा बाजारातला. टोपी डोळ्यांवर ओढलेली, पँट खाली घेरदार, चालताना धूळ झाडत जाणारी, आणि धडधाकट दातावर मुद्दाम चढवलेलं पितळी टोपण. कपाळावर केसांची एक झिपरी सोडायची, बाकी सगळं भादरायचं. त्याच्या बुटात चाकू असतो हे सगळ्यांना ठाऊक होतं.

दुसरा शुहरत, शेजारच्या हाजर-खालाचा मुलगा. उझबेक घरातला, अभ्यासू, पांढरा शर्ट गळ्यापर्यंत बटणं लावलेला. केस आखूड, चेहरा गंभीर. तो युवक संघात होता. संध्याकाळी दंडाला लाल पट्टी बांधून आपल्यासारख्याच पाच-सहा जणांबरोबर बागेत गस्त घालायचा.

आणि तिसरा आमचा रिफ्कात. लोक असल्यांना 'स्तिल्यागी' म्हणत, म्हणजे परदेशी थाटाचे नटवे. पँट इतकी तंग, की आत शिरायला घोट्याला साबण लावावा लागे. बुटाला मोच्याकडून जाड रबराचा तळ ठोकून घेतलेला. कोट चौकटीचा, खांद्यात दोन माणसं मावतील एवढा. नाच-गाण्याच्या तबकड्या ही पोरं एक्स-रेच्या जुन्या फिल्मवर चोरून कोरून घ्यायची. कोणाच्या तरी बरगड्या गोल गोल फिरायच्या आणि त्यातून तुतारी वाजायची. आणि डोक्यावर तो कोंबडा! कपाळावरून वर उचलून मागे वळवलेला केसांचा तुरा.

तो कोंबडा सानिया-अपा स्वतः घडवायची. चांगलं तेल मिळायचं नाही, म्हणून साखरेचा पाक करायची आणि कंगव्याने चोपडायची. उन्हाळ्यात माश्या घोंगावायच्या.

"अपा, मागून माश्या येतायत," रिफ्कात ओरडायचा.

"पोरींच्या आधी त्याच आल्या म्हण की. हलू नकोस!"

गेना दारात टेकून दात विचकायचा. "काय रे नवरदेवा, ही पँट घातलीस की अंगावर रंगवून घेतलीस?"

"तुझ्या पँटीत माझ्या तीन निघतील, गेना. एक उधार दे."

"देतो की. पण आधी शिवायला शीक."

शुहरत तेवढा हसायचा नाही. लहानपणी तो आणि रिफ्कात एकाच तुतीच्या झाडावर बसून तोंड काळं होईपर्यंत तुती खायचे. आता तो अंगणातून जाताना म्हणायचा, "रिफ्कात, जरा आवर. वरून विचारणा होते."

"कोण विचारतं? माझी पँट मी घालतो, विचारणारा थोडाच घालणार आहे?"

"मी सांगायचं काम केलं," शुहरत म्हणायचा आणि निघून जायचा.

सानियाला ह्यात काही वावगं वाटत नव्हतं. ती मला म्हणायची, "फ्लोरा, तिघांचीही डोकी माझ्या हाताखालून जातात. केस सारखेच असतात गं. गेनाचे थोडे तेलकट, एवढंच." रिफ्कात तंत्रशिक्षणाच्या संस्थेत शिकत होता, मार्क चांगले होते, दारूला शिवत नव्हता. तिला आणखी काय हवं होतं?

वसंत संपत आला होता. रविवार, सलून बंद करायची वेळ. मी केर काढत होते. दार उघडलं आणि आधी रिफ्कात आत आला, म्हणजे ढकलला गेला. पँट दोन्ही बाजूंनी गुडघ्यापर्यंत फाडलेली, पायजम्याच्या नाड्यांसारखी लोंबत होती. टाय अर्धा कापलेला. मागे लाल पट्ट्यांची पोरं, त्यांत शुहरत. त्यांच्यामागे जिल्हा समितीचा एक माणूस, चाळिशीचा, घामाघूम, आणि गळ्यात कॅमेरा अडकवलेला एक फोटोवाला.

"नागरिक," तो माणूस सानियाला म्हणाला, "ह्या पोपटाला माणसासारखं करून द्या."

तो तिचा भाऊ आहे हे त्याला माहीत होतं. म्हणूनच आणला होता.

सानिया शुहरतकडे बघत राहिली. "शुहरत, बाळा, हे काय?"

शुहरत खाली बघत होता. "अपा, नियमाप्रमाणे चाललंय."

"कोणता नियम? केसांचा नियम कधीपासून झाला?"

"तुम्ही नाही कापले तर आम्ही कापू," तो माणूस म्हणाला. त्याने एका पोराला खूण केली. पोराने पिशवीतून मेंढ्यांची लोकर काढायची कात्री बाहेर काढली. गंजलेली होती.

मी झाडू घेऊन तशीच उभी होते. सानिया म्हणाली, "सलून बंद झालंय. उद्या या." आवाज ओळखू येत नव्हता.

तेव्हा रिफ्कात स्वतः खुर्चीत जाऊन बसला. "अपा, तूच काप," तो हळूच म्हणाला. "ह्यांचा हात नको लागू देऊस."

तिने कोमट पाणी घेतलं. आधी पाक धुतला, सावकाश, जणू नेहमीचंच गिऱ्हाईक आहे. मग कात्री लावली. वरचा थोडा भाग ठेवायला बघत होती. तो माणूस म्हणाला, "अजून." तिने अजून कापले. "मशीन लावा." तिने मशीन लावलं. रिफ्कात आरशात बघत होता, पण स्वतःकडे नाही, तिच्याकडे. तिचे ओठ हलत होते. काहीतरी पुटपुटत होती, मला ऐकू आलं नाही. अर्धं डोकं झालं तेव्हा फोटोवाल्याचा दिवा चमकला. ती दचकली आणि मशीन कानामागे लागलं. रक्ताचा थेंब आला तेवढाच. तिने तो अंगठ्याने पुसला.

काम झाल्यावर तो माणूस म्हणाला, "छान. आता कसा आपल्यातला दिसतोय!" पोरं हसली. शुहरत आधीच दाराबाहेर गेला होता.

एवढंच झालं असतं तर निभावलं असतं. केस काय, वाढतात.

पण पुढच्या आठवड्यात बागेच्या दाराशी काचेच्या फलकात तो फोटो लागला. भादरलेलं अर्धं डोकं, वर वाकलेली सानिया, हातात मशीन. खाली मोठ्या अक्षरांत मजकूर: नटव्या भावाची बहिणीलाच लाज वाटली. कामगार भगिनीने स्वतः पुढे होऊन त्याला धडा शिकवला.

सानियाने तो मला वाचायला लावला. स्वतः वाचला होता, तरी. "फ्लोरा, मी असं म्हटलं होतं का?"

"नव्हतीस म्हणाली."

"मग कोणी म्हटलं?"

ती समितीच्या कचेरीत गेली. तिथे एक बाई म्हणाली, "हा तर तुमचा गौरव आहे." तिने सांगितलं, मला गौरव नको, फोटो काढा. बाई म्हणाली, "म्हणजे तुम्ही भावाच्या बाजूने आहात असं लिहून देता?" रिफ्कातला ठेवायचं की काढायचं, हे संस्थेत अजून ठरायचं होतं. सानिया काही न लिहिता परत आली.

संध्याकाळी ती हाजर-खालाकडे गेली, मीही सोबत होते. खालाने नान मोडून पुढे ठेवली, चहा ओतला आणि रडायलाच लागली. "मी काय सांगू त्याला? तो रात्रभर अंगणात बसतो. त्याला म्हणाले होते, तुझ्याच अंगणातला आहे, तूच त्याला पाठीशी घालतोस. त्याने नाही आणलं तर त्यालाच संघातून काढणार होते. माझा मुलगा घाबरट आहे गं सानिया. मी घाबरट मुलगा जन्माला घातला." सानियानेच मग तिच्या पाठीवरून हात फिरवला. दुसरं काय करणार?

आमच्या व्यवस्थापकाने भर सभेत सानियाला शाबासकी दिली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ती उभी राहिली, मान हलवली, बसली. कोंबडेवाली पोरं तिच्या खुर्चीत येईनाशी झाली. रस्त्यात दिसली तर पलीकडे जायची. तिने एकाला अडवलं, "अरे, ऐक तरी!" तो म्हणाला, "अपा, आम्हाला नाही धडा शिकायचा."

आणि गेना? त्याच उन्हाळ्यात त्याने बाजारात एकाच्या पोटात चाकू खुपसला. तुरुंगात गेला. त्याची पँट कोणी फाडली नव्हती, त्याचा फोटो कुठे लागला नव्हता. घेरदार पँट आपली होती, तंग पँट परक्यांची.

रिफ्कातला संस्थेतून काढलं. घरी आल्यावर तो म्हणाला, "मिर्झाचोलला कालवे खोदतायत, माणसं हवीत. मी नाव दिलं."

"रिफ्कात, त्या फलकावरचं..."

"मी खुर्चीत होतो, अपा. मला माहीत आहे काय झालं ते."

"मग का जातोस?"

तो सुटकेस बांधत राहिला. चौकटीचा कोट भिंतीवरच सोडून गेला.

ते ओसाड माळरान तेव्हा नुसतं मीठ आणि वारा होतं. तो तिथे यंत्र चालवायला शिकला, गाल्या नावाच्या एका युक्रेनी मुलीशी लग्न केलं. वर्षातून एकदा ताश्कंदला यायचा, टरबुजं घेऊन. डोकं भादरलेलंच. सानिया म्हणायची, "बस, जरा नीट करून देते." तो म्हणायचा, "गाल्या कापते घरी." एकदा ती स्वतः बसने तिकडे गेली. त्याच्या मुलाचे केस कापले, शेजाऱ्यांचे कापले, आख्ख्या वस्तीचे कापले. तो दारात सिगारेट ओढत उभा.

"माझ्यावर राग आहे का?" तिने विचारलं.

"नाही अपा. खरंच नाही. पण मशीनचा आवाज आला ना, की माझे पाय उठून चालायला लागतात. मी काय करू?"

हे तिने मला परत आल्यावर सांगितलं, डाळ निवडता निवडता. पुन्हा तिने त्याला कधी आग्रह केला नाही.

सहासष्टच्या भूकंपात सलून पडलं, आमचं अंगणही गेलं. आम्हाला नव्या वस्तीत वेगवेगळ्या इमारतींत खोल्या मिळाल्या. पुढे घेरदार पँटची फॅशन आली, गेनाची होती अगदी तशी. फरक एवढाच, की आता ती परक्यांची म्हणून वाईट होती. पोरांनी केस मानेपर्यंत वाढवले. गस्तीवाले पुन्हा फिरू लागले, वेगळे चेहरे, तीच पट्टी.

सानिया तोवर निवृत्त झाली होती. मी तिला बाजारात भेटायची. एकदा समोरून तसली दोन-तीन पोरं गिटार घेऊन हसत चालली होती. ती थांबली. मला वाटलं त्यांना काही बोलेल. पण त्यांच्या वाटेवर, पुढच्या कोपऱ्यावर, लाल पट्टीवाले उभे होते आणि पोरांना ते अजून दिसले नव्हते.

"अरे पोरांनो!" तिने हाक मारली. आवाज चिरका निघाला, बाजाराच्या गलक्यात विरून गेला. तिने हात हलवला. एका पोराला वाटलं, म्हातारी उगाच हात करतेय. त्यानेही हसून हात हलवला आणि ती पोरं तशीच पुढे, कोपऱ्याकडे चालत राहिली.